नैरोबीतला पहिला दिवस: शिक्का, सिम आणि गेटवरची वही

"आफ्रिकेला चाललाय" असं घरात एकदा जाहीर झालं की पुढचे पंधरा दिवस तोच विषय. आत्या सिंहाचं विचारते, शेजारचे काका रोगराईचं. ५४ देशांचा खंड आपल्याकडे एका तालुक्याएवढा होऊन बसतो. मी सहा महिने नैरोबीत इंटर्न होतो. आता कॉलेजातली मुलं-मुली निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "दादा, उतरल्यावर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?" हे उत्तर केनियाचं आणि त्यातही नैरोबीचं आहे. कंपाला, दार-एस-सलाम किंवा आक्राला जाणाऱ्यांनी तिथले नियम वेगळे बघावेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी तुमचं नाव नोंदलं गेलं पाहिजे: पासपोर्टातल्या शिक्क्यावर, मोबाइलच्या सिमवर आणि राहत्या जागेच्या गेटवरच्या वहीत. बाकी सगळं, म्हणजे ऑफिस, मसाई मार्केट, जिराफ, उद्यावर गेलं तरी काही बिघडत नाही. या तिघांतलं एक जरी राहिलं, तर पुढचा आठवडाभर तुम्ही कुणाच्या तरी मेहरबानीवर असता.

मुंबई सोडण्याआधी

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला आणि त्या जागी ईटीए आणलं, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी. फी साधारण ३० डॉलर. अर्ज निदान तीन दिवस आधी करा, मी तर दोन आठवडे सांगेन. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट गो डॉट केई'ने संपतो. तसा न संपणारी, हुबेहूब दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी दुकानं इंटरनेटवर भरपूर आहेत.

इथे मुलं एक चूक हमखास करतात. ईटीए म्हणजे देशात शिरण्याची परवानगी. काम करण्याची परवानगी वेगळी, आणि बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा इमिग्रेशनच्या लेखी कामच ठरू शकते. इंटर्नशिपचा पास, विद्यार्थ्याचा पास की अल्पमुदतीचा स्पेशल पास, यातलं तुमच्यासाठी काय लागू आहे ते बोलावणाऱ्या संस्थेने ठरवायचं असतं, आणि अर्जही सहसा तिच्यामार्फतच जातो. "आल्यावर बघू" असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. कोणता पास, अर्ज केव्हा, फी कुणाची, हे ईमेलवर लिहून मागा. मी मागितलं नव्हतं. फीचा आकडा कळला तेव्हा महिन्याचा निम्मा भत्ता गेलेला होता.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळाच्या आरोग्य संघटनांकडे मिळते. नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून तिकिटाच्याही आधी हे उरका. गंमत म्हणजे त्या पिवळ्या पुस्तिकेची खरी परीक्षा परतताना, आपल्याच विमानतळावर होते. केनियाहून आलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, त्यामुळे ती पुस्तिका पासपोर्टाच्या पाकिटातच राहू द्या.

भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्या. मोठा प्लॅन घेऊ नका, फक्त एसएमएस येतील एवढं पुरे. तिकडे पोचल्यावर बँकेचा ओटीपी आला नाही की माणूस अक्षरशः पांगळा होतो, आणि रोमिंग चालू करायला ओटीपी लागतो हा विनोद त्या क्षणी कळतो. फोन दोन सिमचा आहे ना, हेही बघा.

आता बॅग. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगा बंद आहेत. आपल्या महाराष्ट्रातल्या बंदीसारखी ती भाजीवाल्यापाशी ढिली पडत नाही. कायद्यात ४० लाख शिलिंगपर्यंत दंड आहे आणि तुरुंगही. माझ्या आईने डिंकाचे लाडू एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, चपला तिसरीत अशी रचना केली होती. आदल्या रात्री साडेअकराला सगळं सोडून पुन्हा बांधलं: लाडू स्टीलच्या डब्यात, चपला जुन्या उशीच्या अभ्र्यात. ड्यूटी फ्रीची पिशवीसुद्धा उतरल्यावर तिथेच ठेवावी लागते. बियाणं किंवा रोपं नेऊ नका. शेतीचे विद्यार्थी नमुना म्हणून हमखास काहीतरी खिशात घालतात, त्याला परवाना लागतो. लष्करी छापाचे कपडेही घरीच बरे.

प्लग तिथे इंग्लंडसारखे, चौकोनी तीन पिनांचे. व्होल्टेज आपल्यासारखंच. दोन अॅडाप्टर घ्या आणि त्यातला एक पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा, कारण मोठी बॅग उशिरा येते आणि फोन त्याआधी मरतो. स्वेटर घ्या. हे ऐकून सगळे हसतात. नैरोबी विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटर दक्षिणेला असलं तरी विमानतळच १,६२४ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास, आणि वेस्टलँड्सकडे शहर आणखी वर चढतं. जून ते ऑगस्ट पहाटे दात वाजतात.

डॉलर नवे आणि करकरीत घ्या. पूर्व आफ्रिकेत २०१३ च्या आधीच्या, शाई लागलेल्या किंवा घडी पडून फाटलेल्या नोटा नाकारतात. १०० आणि ५० च्या नोटांना छोट्या नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. रुपये कुणी विचारत नाही.

शिक्का

मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं. घड्याळ अडीच तास मागे करा. मोबाइल स्वतः करतो, पण हातातलं घड्याळ विसरलात तर दिवसभर घोळ.

रांगेत उभं राहण्याआधी पाच कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये हाताशी ठेवा: पासपोर्ट, छापलेलं ईटीए, संस्थेचं बोलावणं, राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट. पिवळी पुस्तिका पासपोर्टातच. फोनमध्ये आहे म्हणून भागतं असं समजू नका. खिडकीपाशी पोचता पोचता बॅटरी संपलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि पत्ता आठवेना म्हणून "पार्कलँड्स... समवेअर..." असं पुटपुटणारा एक माणूस तर मीच होतो.

खिडकीशी गेल्यावर आधी नमस्कार. "हबारी" म्हणा, ते "न्झुरी" म्हणतील, मग पासपोर्ट द्या. ही औपचारिकता वाटते, पण केनियात अभिवादनाशिवाय कामाला हात घालणं उद्धट समजतात. आपण दुकानात "दोन वडापाव" म्हणून थेट सुरू होतो, तसं तिथे चालत नाही. प्रश्न साधे असतात: कशासाठी, किती दिवस, कुठे राहणार. जे कागदावर लिहिलंय तेच सांगा. इंटर्नशिपला आलाय आणि "टुरिझम" म्हणून मोकळे झालात, तर पुढे पासचा अर्ज करताना तेच वाक्य आडवं येतं.

बोटांचे ठसे होतात, शिक्का पडतो. तिथून हलू नका. शिक्क्यावर तारीख कोणती आणि किती दिवस दिलेत, ते खिडकीसमोरच वाचा. ईटीएवर जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, पण प्रत्येकाला तेवढे मिळतीलच असं नाही, आणि अक्षर पुसट असतं. चूक असेल तर तिथे दोन मिनिटांचं काम. आठवड्याने शहरातल्या इमिग्रेशनच्या कार्यालयात तेच अख्ख्या दिवसाचं होतं. नीट असेल तर त्या पानाचा फोटो घ्या, आधी रांगेतून बाहेर पडून. इमिग्रेशनमध्ये, पोलिसांचे, सैनिकांचे किंवा सरकारी इमारतींचे फोटो काढायचे नाहीत. हा नियम शहरभर पाळा.

सिम

बाहेर आल्या-आल्या मोबाइल कंपन्यांची दुकानं दिसतात. सफारीकॉमचं घ्या. एअरटेल आपल्या ओळखीचं वाटतं आणि चालतंही, पण एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याची सोय, सफारीकॉमचं आहे आणि एम-पेसाशिवाय नैरोबीत राहणं म्हणजे यूपीआय नसताना पुण्यात सुट्टे शोधत फिरणं. त्याहून कठीणच, कारण तिथे भाजीवाली, रिक्षावाला, चर्चची दानपेटी, घरमालक, वीज कंपनी, सगळं त्यावर चालतं. एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधी. त्यामुळे तिथल्या माणसाला "आमच्याकडे तर क्यूआर कोड असतो" वगैरे सांगायला जाऊ नका.

सिमसाठी मूळ पासपोर्ट लागतो आणि चेहऱ्याचा फोटो काढतात. इथे थांबून बघायची गोष्ट म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टात नावासोबत वडिलांचं नाव लिहिलेलं असतं आणि आडनाव वेगळ्या ओळीत. परदेशातल्या काउंटरवर बसलेल्या पोराला त्यातलं आडनाव कोणतं हे कळायचं कारण नाही. मी उतरलो त्या दिवशी दुकानात गर्दी होती, मीही झोपेत होतो, स्क्रीन न बघताच मान डोलावली. पुढे सहा महिने मला पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर माझ्या वडिलांचं नाव उमटायचं. ऑफिसातली मंडळी तर मला त्याच नावाने हाक मारू लागली. वडिलांना फार गंमत वाटली, पण बँकेला वाटली नाही. तेव्हा नोंदणीचं बटण दाबण्याआधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

त्याच खुर्चीवर बसून एम-पेसाही चालू करून घ्या, "नंतर करतो" म्हणू नका. चार आकडी पिन तुम्ही स्वतः टाकायचा. मदतीला वाकलेल्याला सांगायचा नाही. एम-पेसाला इंटरनेट लागत नाही: *३३४# डायल केलं की मेनू उघडतो, साध्या बटणांच्या फोनवरही. मेनूत तीन शब्द ओळखा. 'सेंड मनी' म्हणजे माणसाच्या नंबरावर. 'बाय गुड्स' म्हणजे दुकानाच्या टिल नंबरावर, जो काउंटरवर हिरव्या पाटीवर लिहिलेला असतो. 'पेबिल' म्हणजे संस्थेचा नंबर आणि त्याखाली तुमचा खाते क्रमांक. आपल्याकडे स्कॅन करायची सवय, तिथे आकडे टाइप करायचे. पिन टाकण्याआधी समोर येणारं नाव मोठ्याने वाचा, दुकानदार मान हलवतो, मग पुढे जा. 'सेंड मनी'ला रक्कम वाढेल तसं शुल्क लागतं, यूपीआयसारखं फुकट नाही.

पैसे भरायला एजंटकडे रोख द्यायची, काढताना पासपोर्ट दाखवायचा. विमानतळावर ५० ते १०० डॉलर बदला, त्यातले दोन-तीन हजार शिलिंग एम-पेसात टाका, हजारभर सुट्टे खिशात ठेवा. २०२५ मध्ये डॉलरला १२९ शिलिंगच्या आसपास भाव होता. रुपयांत करायला सोपा हिशोब: शिलिंगच्या आकड्याचे दोन-तृतीयांश. बोलताना शिलिंगला "बॉब" म्हणतात. "टू हंड्रेड बॉब" ऐकून बॉब कोण म्हणून इकडेतिकडे पाहू नका.

प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस येतो आणि तो दहा अक्षर-आकड्यांच्या कोडने सुरू होतो. पहिल्या आठवड्यातच तुम्हाला असाच दिसणारा एक संदेश येईल, की अमुक रक्कम जमा झाली, आणि लगेच फोन: "चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा ना." आवाज रडवेला असतो. आधी शिल्लक बघा. ती वाढलेली नसणारच. आणि खरंच कुणाचे पैसे चुकून आले असतील तर ते कंपनीकडून उलटवता येतात, तुम्ही हाताने पाठवायची गरज नाही.

विमानतळ ते खोली

संस्थेची गाडी येणार असेल तर ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर आधीच मागून घ्या. तुमच्या नावाची पाटी धरणारा माणूस बघून भावुक होऊ नका, संस्थेचं नाव त्याच्या तोंडून ऐका. गाडी नसेल तर उबर किंवा बोल्ट. आत "टॅक्सी माय फ्रेंड" म्हणत येणाऱ्यांना "हपाना, असांते" म्हणजे "नको, आभारी आहे" एवढं पुरतं.

अॅपवरचा ड्रायव्हर दोन प्रश्न विचारतो. पहिला, पैसे रोख की एम-पेसा. दुसरा, एक्सप्रेसवेने जायचं का. २०२२ मध्ये सुरू झालेला हा २७ किलोमीटरचा उड्डाणमार्ग म्लोलोंगोपासून वेस्टलँड्सपर्यंत जातो, टोल प्रवाशाने द्यायचा. सकाळी किंवा संध्याकाळी उतरलात तर हो म्हणा. खालच्या मोंबासा रोडवर तासभर सहज जातो आणि पहिल्या दिवशी तो तास तुम्हाला हवा असतो. रविवारी पहाटे खालून जा, पैसे वाचवा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात.

फोन मांडीवर, काच वर. सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या खिडकीतून फोन हिसकावणं हा नैरोबीतला नेहमीचा गुन्हा. शहराबद्दल जेवढी भीती घातली जाते तेवढी मला कधी वाटली नाही, पण फोनच्या बाबतीत मात्र दादर स्टेशनच्या दुप्पट सावध राहा, कारण त्या फोनात आता तुमचं पाकीटही आहे.

मटाटू, म्हणजे चौदा आसनी किंवा मोठ्या, रंगवलेल्या, गाणी वाजवणाऱ्या मिनीबसा, बघून मोह होतो. बॅगा घेऊन नको. दोन दिवसांनी कुणा सहकाऱ्यासोबत बसा, आणि लक्षात ठेवा की पाऊस आला की भाडं वाढतं. बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, पहिल्या दिवशी अजिबात नको.

खोलीत शिरल्यावरची वीस मिनिटं

किल्ली मिळाली की पलंगावर आडवं व्हावंसं वाटतं. त्याआधी चार गोष्टी.

विजेचा मीटर. बहुतेक घरांत प्रीपेड असतो. टोकन विकत घ्यायचं, २० आकडी नंबर एसएमएसने येतो, तो घरातल्या छोट्या कीपॅडवर टाइप करायचा. किती युनिट शिल्लक आहेत ते घरमालकाकडून तिथेच दाखवून घ्या आणि मीटर नंबर फोनमध्ये लिहून ठेवा. माझ्याकडे दुसऱ्या रात्री नऊला अंधार झाला. मी अस्सल महाराष्ट्रीय शहाणपणाने "लोडशेडिंग" म्हणून मेणबत्ती शोधत बसलो. खिडकीतून बाहेर पाहिलं तर अख्खी गल्ली उजळलेली. माझंच टोकन संपलं होतं, आणि मीटर नंबर मीटरवर, कुलूपबंद पेटीत. वीज कधी कधी खरोखरही जाते, पण आधी शेजाऱ्याची खिडकी बघायची.

शॉवर. गरम पाण्याची सोय अनेक ठिकाणी शॉवरच्या तोंडातच असते, गिझर दिसत नाही. त्याचं मोठं बटण, बरेचदा लाल दिव्याचं, बाथरूमच्या बाहेर किंवा उंचावर असतं. आधी पाणी, मग बटण. पाणी बारीक सोडलं की जास्त गरम होतं.

नळाचं पाणी प्यायचं नाही. येतानाच पाच लिटरची बाटली घ्या. पुढे मोठा जार लावता येतो. पाणी रोज येतं का, टाकी किती मोठी, हेही विचारा.

चौथी गोष्ट मच्छरदाणी. नैरोबीत उंचीमुळे मलेरियाचा धोका फार कमी आहे. पण तुमची इंटर्नशिप किसुमूला, म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराकाठी, किंवा मोंबासाकडे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मलेरिया भरपूर आहे आणि प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांशी निघण्याआधीच बोलून घ्यावं लागतं.

"सा म्बिली" म्हणजे दोन नव्हे

पाण्याचं विचारलं तेव्हा गेटवरच्या अस्कारीने, म्हणजे वॉचमनने, सांगितलं, "केशो, सा म्बिली." केशो म्हणजे उद्या. म्बिली म्हणजे दोन, एवढं स्वाहिली मी विमानात पाठ केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बादल्या मांडून बसलो. पाणी सकाळी आठला येऊन गेलं होतं.

स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", पहिला तास, आणि आठ म्हणजे "सा म्बिली". काट्यांच्या घड्याळात तास काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा, झालं. आपल्याकडे घटका-प्रहर असेच सूर्योदयापासून मोजत, त्यामुळे मराठी माणसाला हे परकं वाटू नये. इंग्रजीत वेळ सांगितली तर ती आपलीच. स्वाहिलीत सांगितली तर सहा तासांचा फरक. भेटीची वेळ ठरवताना इंग्रजीत पुन्हा एकदा म्हणून घ्या, इंग्रजी बहुतेकांना येतं.

भाषेची भीती मात्र सोडा. साबुनी म्हणजे साबण, कलामू म्हणजे लेखणी, मेझा म्हणजे टेबल, आपलं मेज. दवा म्हणजे औषध, बीमा म्हणजे विमा, गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान. एक लाखाला "लाकी" म्हणतात! काही शब्द अरबी-फारसीतून दोन्हीकडे पोचले, काही थेट आपल्या किनाऱ्यावरून गलबतांनी गेले. एक शब्द मात्र लगेच शिका: "पोले". तुम्ही ठेचकाळलात, शिंकलात, बस चुकली, की अनोळखी माणूसही "पोले" म्हणतो. चूक त्याची नसते. ते आपल्या "अरेरे"सारखं आहे. माफी मागतोय समजून "नाही नाही, तुमची काय चूक" असं मी आठवडाभर म्हणत होतो.

खाणं आणि एक फेरी

डबा सुटला तरी शाकाहारी माणूस नैरोबीत उपाशी राहत नाही. कोणत्याही साध्या खानावळीत "चपाती न्देंगू" मागा. न्देंगू म्हणजे मुगाची उसळ, कांदा-टोमॅटोत शिजवलेली, आणि चपाती मैद्याची, पदरांची, आपल्या पराठ्याच्या जवळची. पहिल्या दिवशी दुपारी ती ताटात आली तेव्हा मी काही क्षण नुसता वास घेत बसलो होतो. सोबत "कचुंबरी", नाव वाचूनच कळलं असेल. सुकुमा विकी ही पालेभाजी उगालीच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीच्या, जोडीला असते. "मिमी सिली न्यामा" म्हणजे मी मांस खात नाही. पण न्यामा म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर फक्त बकरा नि गाय येतात, तेव्हा कुकू आणि समाकी, कोंबडी आणि मासे, हेही नको म्हणून सांगा. चहा दुधाचा, उकळलेला, आपल्यासारखाच.

पोहे, हिंग, कढीपत्ता हवा असेल तर पार्कलँड्समधला डायमंड प्लाझा. पण तो रविवारी. भारतीय वंशाचे लोक इथे चार-पाच पिढ्यांपासून आहेत, मुख्यतः गुजराती, पंजाबी आणि गोव्याचे. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेले आणि १९६५ मध्ये खून झालेले पियो गामा पिंटो हे नैरोबीत जन्मलेले गोवेकरच. २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. तेव्हा रस्त्यावर तुम्हाला "मुहिंदी" म्हणाले तर तो नुसता वर्णनाचा शब्द, आणि समोरच्या दुकानातला भारतीय चेहऱ्याचा माणूस बहुधा तुमच्यापेक्षा जास्त केनियन. त्याला "तुम्ही मूळचे कुठले" विचारायची घाई नको. महाराष्ट्र मंडळही नैरोबीत आहे, गणपतीच्या सुमारास गेलात तर ओळखी आपोआप होतील.

दुपारी चारच्या आत एक फेरी मारा, फोन खोलीत ठेवून किंवा आतल्या खिशात. तीनच गोष्टी शोधायच्या: जवळचा सुपरमार्केट, जवळचा एम-पेसा एजंट, जवळचं औषधाचं दुकान. मॉलच्या दारात बॅग तपासतात, सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर झालेल्या अतिरेकी हल्ल्यापासून हे काटेकोर आहे, कुरकुर करू नका. ऑफिसच्या इमारतींत ओळखपत्र मागतात. पासपोर्ट कुणाच्या टेबलावर सोडून वर जायचं नाही, त्याची झेरॉक्स आणि कॉलेजचं ओळखपत्र पुढे करा. आणि साडेसहाच्या आत परत. विषुववृत्ताजवळ बारा महिने सूर्य साधारण साडेसहाच्या आसपासच मावळतो, आणि आपल्याकडे असते तशी रेंगाळणारी संध्याकाळ नसते. पंधरा-वीस मिनिटांत काळोख. अंधारात पायी चालायचं नाही, दोनशे मीटर असले तरी अॅपची गाडी. आणीबाणीला ९९९ किंवा ११२.

गेटवरची वही

परत येताना गेटवर थांबा. लोखंडी दाराच्या आत छोटी खोली, एक प्लास्टिकची खुर्ची, रेडिओ, आणि दोरीला पेन बांधलेली जाड वही. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वेळ, कुणाकडे, हे त्यात लिहितात. तुम्ही पाहुणे नाही, राहायला आला आहात, हे अस्कारीला कळलं नसेल तर रोज रात्री बाहेर थांबवून पुन्हा विचारणार, आणि रात्रपाळीचा माणूस वेगळाच असतो. म्हणून संध्याकाळी पाळी बदलताना, साधारण सहाला, दोघे असताना जा. हबारी, न्झुरी. तुमचं नाव सांगा, त्यांचं विचारा, खोलीचा नंबर आणि तुमचा नवा मोबाइल नंबर वहीत तुमच्या हाताने लिहा. संस्थेतल्या एका माणसाचा नंबरही द्या. रात्री दोनला पोट दुखलं तर दार उघडणारा, गाडी बोलावणारा आणि "पोले सना" म्हणणारा पहिला माणूस तोच असणार आहे.

मग घरी फोन. इथे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे अकरा, आई जागीच असेल. शिक्क्याचा फोटो, नवा नंबर आणि राहण्याचा पत्ता घरच्या ग्रुपवर टाका, भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये जतन करा, अॅडाप्टर लावून फोन चार्जिंगला ठेवा. आणि झोपण्याआधी मीटरवरची युनिटं एकदा बघून या.